गाणं उचलणारं गाव

मे महिन्यात मी बीड जिल्ह्यात जाणार म्हटल्यावर माझ्या बहिणीने फोनवर नुसतं "बरं" म्हटलं. तिचं "बरं" मला कळतं. डॉक्टरकडे जाऊन ये, असा त्याचा अर्थ.

बोलावणं आलं होतं गेवराई तालुक्यातून. तलवाड्याच्या अलीकडे एक लहान गाव आहे, तिथल्या चर्चने आसपासच्या मंडळ्यांमध्ये पेटी आणि ढोलकी वाजवणाऱ्यांसाठी पाच दिवसांचं उन्हाळी शिबिर ठेवलं होतं. त्यात स्वरलेखन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर वाचून वाजवणं, शिकवायला कुणीतरी हवं होतं. मी पुण्यातल्या आमच्या जुन्या दगडी चर्चमध्ये एकतीस वर्षं ऑर्गन वाजवते आहे. कागद बघून वाजवणं ही एकच गोष्ट मला पक्की येते. मी हो म्हटलं.

हो म्हणण्यामागे आणखी एक कारण होतं, ते बहिणीलाही सांगितलं नव्हतं. माझ्या पर्समध्ये एक चार ओळींचं पत्र होतं. जूनपासून मला वाजवण्यातून मोकळं करावं, असं आमच्या पाळकांना लिहिलेलं. ईस्टरच्या आधी एका रविवारी पाच कडव्यांचं गीत मी तीन कडव्यांत संपवलं आणि पुस्तक मिटलं. मागे मंडळी चौथं कडवं गात होती. मला ऐकूच आलं नव्हतं. तीनशे माणसं पाठीमागे गात असताना मी मनात दळण आणायचं राहिलंय याचा विचार करत होते. पाळकांनी सांभाळून घेतलं. पण घरी आल्यावर मला कळलं की हे त्या रविवारचं नव्हतं, कितीतरी वर्षांचं होतं. मला वाजवण्याचा कंटाळा आला होता आणि त्या कंटाळ्याची लाज वाटत होती. निघण्याआधी मी पाळकांना एवढंच म्हटलं, "परत आले की तुम्हाला एक कागद द्यायचाय." तेवढं शेवटचं शिबिर करावं आणि गुमान बाजूला व्हावं, असा बेत होता.

बीडहून पुढे

बीडच्या स्टँडवर उतरले तेव्हा सकाळचे दहाच वाजले होते आणि ऊन बाराचं होतं. पुढच्या जीपमध्ये माझ्या मांडीवर माझा की-बोर्ड, त्यावर शेजारच्या बाईंची नारळाची पिशवी, अशी आमची बसण्याची व्यवस्था झाली. त्या नारायणगडाच्या दर्शनाला निघाल्या होत्या.

"तुमचं काय हाय ह्या पेटाऱ्यात?" त्यांनी विचारलं.

"वाजवायची पेटी आहे. चर्चमध्ये गाणी शिकवायला चाललेय."

"मंग बरंय. गाण्याच्या मान्साला ऊन लागत न्हाई," त्या म्हणाल्या आणि गडाच्या फाट्यावर उतरल्या. उतरताना एक नारळ मला ठेवून गेल्या. ऊन मला लागलं. पण तो नारळ मी पाचही दिवस जवळ ठेवला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, मध्येच उसाचा हिरवा तुकडा, बाकी बाभळी आणि लिंब, म्हणजे कडुनिंब. एका लिंबाखाली मेंढ्या अशा दाटीवाटीने उभ्या होत्या की प्रत्येकीचं डोकं दुसरीच्या पोटाखाली. मेंढपाळ शेजारी घोंगडं टाकून मोबाइलवर भजन ऐकत होता.

गावच्या फाट्यावर पाळकसाहेब आणि पाळकीणबाई दोघंही घ्यायला आले होते. "सलाम, म्याडम," म्हणत पाळकसाहेबांनी की-बोर्ड खांद्यावर घेतला आणि पाळकीणबाईंनी ओला टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला, न विचारता. मी पुणेकर आहे, न विचारता केलेल्या गोष्टी मला आवडत नाहीत. तो टॉवेल आवडला.

चर्च म्हणजे पत्र्याचं लांबट घर, वर लहानसा क्रूस, समोर लिंबाचं झाड. जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, ते उकळीत सोडलं की पाच मिनिटांत आमटी. मी सवयीने गूळ मागितला. पाळकीणबाईंनी आणून दिला, पण मी तो आमटीत टाकल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून मी मागितला नाही.

माझं चुकलं ते

शिबिराला चौदा जण होते. कुणी टेलर, कुणी टमटम चालवणारा, दोन शेतकरी, एक अंगणवाडीतल्या बाई. पहिल्या दिवशी मी फळ्यावर पाच रेघा मारल्या आणि त्यांवर सूर बसवून दाखवले. सगळ्यांनी वहीत फार सुंदर रेघा मारल्या. वाचता कुणालाच आलं नाही, पण पहिल्या दिवशी माझी तेवढी अपेक्षाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला गावातली मंडळीही आली. बायका डावीकडे सतरंजीवर, पुरुष उजवीकडे. पाळकसाहेबांनी गाण्याचं नाव सांगितलं. ते गीत माझ्या पुस्तकात होतं, मी पान उघडलं, की-बोर्डवर सुरुवातीचे सूर वाजवले आणि मानेने खूण केली. आमच्याकडे मी मान हलवली की तीनशे माणसं तोंड उघडतात.

इथे कुणीही उघडलं नाही. मी पुन्हा वाजवलं. तेवढ्यात बायकांमधून एक म्हातारा आवाज निघाला, माझ्या पट्टीच्या खूप खालून, जवळजवळ बोलल्यासारखा. मग बाकीच्या त्या आवाजाला जाऊन मिळाल्या. दोन वेगवेगळ्या पट्ट्यांमध्ये एकच गाणं सुरू झालं. आता अशा वेळी वाजवणाऱ्याने काय करायचं ते मला एकतीस वर्षांत पाठ झालंय. आवाज वाढवायचा आणि माणसांना योग्य सुरावर ओढून आणायचं. मी आवाज वाढवला.

ओळ संपायच्या आत सगळे थांबले. त्या म्हाताऱ्या बाई, डोक्यावर पदर, हातात काठी, माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळे सरूआजी म्हणतात.

"सूर चुकला का बाई माजा?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "चुकला आसंल. आवाज लई खाली गेलाय सध्या."

"थोडा खाली होता," मी म्हटलं. शिक्षकाची जीभ. "पुस्तकातली पट्टी वरची आहे."

"बरं," सरूआजी म्हणाल्या, आणि पुढे गायल्या नाहीत. बाकीच्यांनी माझ्या पट्टीत गीत पूर्ण केलं, माझा मान राखायला. शाळेत पाहुणे आल्यावर मुलं गातात तसं. मला वाटलं, चला, वळण लागलं.

दुपारी पाळकसाहेबांच्या घरी पडवीत बसले असताना पाळकीणबाई एक ताटली झाकून कुठेतरी निघाल्या. मागून टेलरची बायकोही तशीच झाकलेली ताटली घेऊन त्याच गल्लीत वळली. मी विचारलं, "कुणाकडे?"

"सरूआजीकडं," पाळकीणबाई म्हणाल्या. म्हातारी एकटी राहत असेल, असं मी समजले.

हात मांडीवर

ढोलकी शिकवायला सिद्धार्थ सर होते. ते इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, मूळचे लिंबागणेशचे, बौद्ध. जयंतीला विहारापुढे ढोलकी वाजवतात आणि नाताळात चर्चमध्ये. "आमचे दोस्त म्हनतात, कामून जातो रं तिकडं? म्या म्हनतो, बोलावतेत म्हनून जातो. तुमी बोलवा, तुमच्याकडं बी येतो," त्यांनी मला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी वीज गेली आणि माझा की-बोर्ड मुका झाला. त्याच सुमारास वावटळ शिरली आणि माझे सुरांचे कागद दारातून बाहेर, तिथून समोरच्या बाभळीवर. चौदा मोठी माणसं काट्यांतून कागद सोडवत होती. निम्मे हाती लागले, तेही भोकं पडलेले. मी एक कागद उजेडात धरला तर नसलेल्या जागी सूर दिसत होते. मी चिडले होते. आता शिकवायचं कशावर?

"म्याडम, आता माजा तास घिऊ का?" सिद्धार्थ सर म्हणाले. "मला काय लागत न्हाई."

त्यांनी कोपऱ्यातली जुनी पेटी मधोमध ठेवली. भात्याला ठिगळ, एक पांढरी पट्टी दाबली की वर यायचं विसरायची. मला पेटीपुढे बसवलं, स्वतः ढोलकी घेऊन बसले आणि सगळ्यांना म्हणाले, "हात मांडीवर."

सगळ्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. मीही ठेवले.

"आता कुनीबी एक जन उचला. वाजवनाऱ्यानं पैली वळ हात हालवायचा न्हाई. निस्तं ऐकायचं. माणूस कुटं हाय ते कळलं की मंग जायाचं त्येच्याकडं."

टमटमवाल्याने उचललं, म्हणजे गाणं सुरू केलं, चढ्या आवाजात. मी ओळभर ऐकलं, सूर शोधायला गेले, तीन वेळा चुकले. मग अंगणवाडीच्या बाईंनी, मग एका शेतकऱ्याने. प्रत्येकाचं गाणं तेच, पट्टी वेगळी. तासाभरात मला घाम फुटला. मी, जिच्याकडे संगीताच्या परीक्षांची सर्टिफिकेटं आहेत, ती पहिल्या दिवसाच्या विद्यार्थ्यासारखी पट्ट्या चाचपत होते. तो टेलर मात्र माणसाने श्वास घेतला की कुठून गाणार ते ओळखायचा. मला त्याचा हेवा वाटला, आणि कितीतरी वर्षांनी तासाकडे बघून कंटाळा आला नाही.

"पण आधीच पट्टी ठरवली तर सोपं नाही का?" मी सरांना विचारलं.

"सोपं हाय की. पन इथं कोन उचलनार ते आधी ठरत न्हाई. तुमाला सांगितलं न्हाई कुनी?" त्यांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेबांनी जमिनीकडे.

मग पाळकसाहेबांनी सांगितलं. या गावात पेटी आली ती फार उशिरा. त्याच्या आधीपासूनची रीत अशी, की उपासनेतलं पहिलं गाणं ज्याचा आठवडा जड गेला असेल त्याने उचलायचं. कुणी नाव घेत नाही, कुणी विचारत नाही. ज्याला उचलायचंय तो उचलतो, त्याचा आवाज जिथे असेल तिथे बाकीचे जातात. आणि दुपारी त्याच्या घरी भाकरी पोहोचते.

मला त्या झाकलेल्या ताटल्या आठवल्या. "सरूआजींचं काय झालं होतं?" मी विचारलं.

"धाकटा भाऊ गेला त्यांचा. मागच्या आठवड्यात."

मी पेटीचा भाता बंद करून त्याला कडी लावली. ती कडी लावायला मला फार वेळ लागला.

सरूआजींच्या ओट्यावर

चौथ्या दिवशी सकाळी नाश्त्याला सुशीला होती, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी. दोन घासांनंतर मी ताटली सरकवली. पाळकीणबाईंना म्हटलं, मला आजींकडे जायचंय. त्या म्हणाल्या, "जावा की. वाट इचारायची गरज न्हाई, शेळ्या बांधलेल्या दिसतील."

सरूआजी ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. मी शेजारी बसले आणि दोन-चार शेंगा फोडल्या.

"आजी, त्या दिवशी तुमचा सूर चुकला नव्हता," मी म्हटलं. "माझं चुकलं. मला रीत माहीत नव्हती."

"तुमाला कसं ठावं आसनार."

"पण मी ऐकायला हवं होतं. कुणीतरी गातंय आणि मी त्यावर मोठ्याने वाजवते, याला काय म्हणायचं?" आणि मग, का कोण जाणे, पुण्यात कुणालाही न सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. तीन कडव्यांचं, दळणाचं, पर्समधल्या पत्राचं.

त्यांनी ऐकून घेतलं. शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"यकतीस वर्सं म्हंजी लई झाली," त्या म्हणाल्या. "दमला आसाल तर सोडा. त्यात काय पाप न्हाई."

मला वाटलं होतं त्या सोडू नका म्हणतील. मला तेच ऐकायचं होतं, हे ते न ऐकल्यावर कळलं.

"पर येक सांगा," मुठीतली टरफलं झटकत त्यांनी विचारलं, "तुमी कंदी उचललं का गानं?"

"मी वाजवते, आजी. गात नाही."

"यकदाबी न्हाई?"

"नाही."

"मंग दमनारच की," त्या म्हणाल्या आणि सुपातले दाणे एका बाजूला केले. "समद्यांचं वडायचं, आपलं कंदी उतरवायचंच न्हाई."

मग त्यांनी मला एक गाणं म्हणून दाखवलं. ते कुठल्या पुस्तकात नाही, त्यांच्या सासूने रचलेलं आहे. येशू विहिरीवर शोमरोनी बाईला, म्हणजे जिच्या हातचं त्याचे लोक काही घेत नसत अशा बाईला, पाणी मागतो, त्याचं. मी लिहून घ्यायला कागद शोधला. वही बाभळीच्या गडबडीत राहिली होती. पर्समध्ये एकच कागद होता. मी तो उलटा करून पाठीवर लिहिलं:

विहिरीच्या काठी पाव्हणा बसला,
माझ्याच हातचं पानी मागतो.
घागर माझी मातीची, कच्ची,
तरी म्हनतो, भर, मी थांबतो.

"सासूच्या वक्ताला आमच्या हातचं पानी कोनी घेत नवतं," सरूआजी म्हणाल्या. "तवा तिनं हे क्येलं. जड आठवड्याला म्हनायची."

आमच्या घरी तीन पिढ्यांपूर्वी काय होतं ते माझ्या आजोबांनी कधी सांगितलं नाही, आणि आम्ही कधी विचारलं नाही. आम्ही इंग्रजी पुस्तकातली भाषांतरित गीतं चार आवाजांत गात मोठे झालो. ओट्यावर बसून मला पहिल्यांदा वाटलं की आपणही कुठल्यातरी विहिरीवरून आलो आहोत.

रविवार

पाचवा दिवस रविवारचा. आसपासच्या गावांतूनही लोक आले होते, पत्रे तापले होते, पुठ्ठ्यांनी वारा घेणं चालू होतं. पेटीवर मला बसवलं. ढोलकीवर सिद्धार्थ सर. पाळकसाहेब म्हणाले, "गाणं घेऊ या," आणि बसले.

हात मांडीवर.

कुणी उचललं नाही. पुठ्ठे थांबले. बाहेर एक कोंबडी ओरडत होती. मी बायकांकडे बघितलं, सरूआजी डोळे मिटून बसल्या होत्या. पुरुषांकडे बघितलं. सगळे आपापल्या मांडीकडे बघत होते आणि कुणालाही घाई नव्हती. त्या शांततेत मला आमचं चर्च दिसलं, मिटलेलं पुस्तक दिसलं, मागे गात राहिलेली माणसं दिसली. माझ्या मनात आलं, हा आठवडा दुसऱ्या कुणाचा जड गेला नसेल तर देवाचे उपकारच. पण माझा गेलाय. माझी कितीतरी वर्षं जड गेली आहेत.

मी म्हटलं, "विहिरीच्या काठी..."

आवाज कसला, किरकिर होती. लहानपणानंतर मी चारचौघांत एकटी गायले नव्हते. "पाव्हणा बसला" म्हणताना तो थरथरला आणि मोडेल असं वाटलं. ओळ संपेपर्यंत कुणी मध्ये आलं नाही. सगळे ऐकत होते. मग सरूआजींचा आवाज माझ्या आवाजाखाली आला आणि त्यामागून सगळ्या बायका, मग पुरुष.

आता पेटी धरायची होती. मी भाता उघडला आणि थबकले, कारण माझी स्वतःची पट्टी कुठली ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्यांना एकतीस वर्षं सूर दिले, स्वतःचा कधी शोधला नव्हता. बोटं चाचपत गेली. काळी दोन, नाही. पांढरी तीन, जरा पुढे. त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी मी होते, आणि तिथे पेटीला पट्टीच नाही. मग मी तो नाद सोडला, हात परत मांडीवर ठेवले आणि नुसती गायले. सिद्धार्थ सरांनी ढोलकीवर हलका ठेका धरला. मी रडत होते, आणि ते कुणापासून लपवावं असं वाटलं नाही.

दुपारी मी सामान बांधत होते. दारात टेलरची बायको आली, झाकलेली ताटली घेऊन. तिच्यामागे अंगणवाडीच्या बाई. मग सरूआजी, काठी टेकत, फडक्यात दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कुणी काही विचारलं नाही. मी त्यांना तो नारळ दिला. "गडाला चाललेल्या एका बाईंनी दिलाय," म्हटलं. सरूआजींनी तो कानाशी हलवून बघितला आणि ओटीत घेतला.

पुण्यात

भाकऱ्या दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरल्या. बहिणीने फोन केला तेव्हा मी खात होते.

जूनच्या पहिल्या रविवारी मी ऑर्गनवर बसले. पहिलं कडवं नेहमीसारखं वाजवलं, दुसऱ्याला हात उचलून मांडीवर ठेवले. मी वळून बघितलं, मंडळी दचकली होती, दोन-तीन माना उंचावल्या होत्या. वीज गेली असं वाटून कुणीतरी पंख्याकडे बघितलं. पंखा चालू होता. मग गाणं हळूहळू पुढे सरकलं आणि मला शेवटच्या बाकावरचा एक आवाज ऐकू आला, जाडाभरडा, सगळ्यांपेक्षा अर्धा सूर खाली. तो माणूस तिथे बसून किती वर्षं गातोय, देव जाणे. त्याची बायको दोन महिने हॉस्पिटलमध्ये आहे, हे मला उपासनेनंतर मी विचारलं तेव्हा कळलं. बुधवारी मी त्याच्याकडे डबा घेऊन गेले. येसराची आमटी होती, माझ्या हातची, म्हणजे फारशी चांगली नव्हती. गूळ घातला नव्हता.

डबा नेण्याआधी, त्या पहिल्या रविवारीच, पाळक दाराशी थांबले होते. "तुम्ही एक कागद देणार होतात," ते म्हणाले.

गाणं दुसऱ्या कागदावर उतरवून घेता आलं असतं, ते मी केलं नव्हतं. पर्समधून तोच कागद काढला. पुढच्या बाजूच्या चार ओळींवर मी सकाळीच तिरकी रेघ मारली होती. पाठची बाजू वर करून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, दोनदा. "हे कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकात नाही. पुढच्या रविवारी घेऊ या."

"घेऊ या की. पट्टी कुठली?"

"ते त्या दिवशी कळेल," मी म्हटलं.